शिडापलीकडचं दूध

पोशीआत्याच्या लग्नाचं वऱ्हाड ओहोटीत सापडलं आणि नवरी, करवल्या, ताशेवाले असे सगळेच भर खाडीत गाळात रुतून बसले, त्या वर्षीची ही गोष्ट. सन कुठला ते मला सांगता यायचं नाही. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं आणि आमच्या घरात सालं अशीच लक्षात ठेवत. पण लग्न फाल्गुनातलं हे नक्की, कारण पोरांच्या कानामागचा रंग अजून निघाला नव्हता.

भरती यायला वेळ होता आणि मुहूर्त टळत होता. तेव्हा माझी आई कासोटा आवळून मचव्यातून खाली उतरली, पोशीआत्याला तिनं पाठुंगळी घेतलं आणि मांडीभर गाळ तुडवत काठावर नेऊन ठेवलं. बायका गाणी म्हणायच्या थांबल्या. आईला तेव्हा दिवस राहिले होते, हे तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

मलाही राहिले होते. माझं सासर खाडीपलीकडे. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात बा मला माहेरी घेऊन आला. ओटीवर पाऊल ठेवलं तर आई दारात उभी. तिनं पदर पुढे ओढला, पण पदराला झाकता येईल एवढं ते राहिलं नव्हतं.

"आये, हे काय गो?"

"काय म्हणजे? तुला कुठून आणली, तिथूनच."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांचं म्हणून झालं. आता नवीन काही असलं तर तू म्हण."

लोकांचं म्हणून झालं नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगा होऊन गेला होता, मग मी, आणि माझ्यामागून इतकी वर्षं काहीच नाही. त्यामुळे मिठागरावर बाची रोज चेष्टा व्हायची. "जोमा, पाळणा एक आणलास की दोन?" "आधी बाप होणार की आजोबा?" बा बिचारा मान खाली घालून मिठाच्या पाट्या वाहायचा आणि घरी येऊन माझ्याशीही डोळा चुकवायचा.

आधी आई बाळंत झाली. मुलगी झाली, काळीसावळी, दणकट, आवाज असा की ओटीवरच्या कोंबड्या उडाल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या कळा सुरू झाल्या, आणि तेव्हा ठमाबाय सुईणीनं बाला हाक मारली.

"शीड आण."

आमच्याकडे एका आढ्याखाली दोन बाळंतिणी नसाव्यात असा नेम होता. असल्याच तर त्यांनी एकमेकींचं तोंड बघू नये, एका भांड्यातलं खाऊ नये. नाहीतर एकीचं दूध दुसरीकडे जातं म्हणत. घर तर एकच खणाचं. म्हणून बानं मचव्याचं जुनं शीड काढलं आणि पालथ्या डब्यावर उभा राहून ते आढ्याला बांधलं.

"आणखी खाली घे, जोमा. पाय दिसतायत अजून."

"जमिनीला टेकलं की, ठमाबाय."

"टेकू दे. दूध वाऱ्यावर जातं. तुला काय कळणार त्यातलं?"

त्या शिडाला डांबराचा, मिठाचा आणि माशाच्या तेलाचा वास होता. त्या वासात माझा मुलगा जन्मला. पलीकडून आईनं विचारलं, "रडला का गो?" मी म्हटलं, "रडला." पण तो रडला ते मांजरीच्या पिल्लासारखं. लहानसाच होता. पोटात असताना मी पोटभर जेवले कुठे? पोर मोठं झालं तर सुटका होणार नाही, म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात ताट अर्धं करायची सासरची रीत, आणि माहेरी ठमाबायचीही तीच.

दुसरी रीत चिकाची. गाय व्याली, म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटायचा. पण बाईचा चीक म्हणजे घाण. पिवळा, चिकट, साठलेला. तो वाटीत पिळायचा आणि उंबऱ्याबाहेर ओतायचा, आणि पोराला कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी द्यायचं. पांढरं दूध उतरेपर्यंत पोर छातीला लावायचं नाही. आईनंही आपल्या मुलीच्या वेळी तसंच केलं होतं. माझ्या कळा सुरू व्हायच्या आधी मीच तिला मदत केली होती. "हळदीचा डबा दे गो इकडे," ती म्हणाली होती. "पाठीला लावते." मी डबा देऊन विहिरीवर गेले. परत आले तेव्हा ठमाबाय उंबऱ्यापाशी उभी होती आणि आई वाटीतलं पिवळं पाणी बाहेर ओतत होती.

मीही ओतलं. ठमाबायनं पाठीमागे बसून माझ्याकडून थेंबन्‌थेंब पिळून घेतला.

ती घरी गेल्यावर पलीकडून आईचा आवाज आला.

"सगळा टाकलास?"

"सगळा."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "बरं. नीज आता."

पुढचे दिवस मी त्या शिडाकडे बघत काढले. मला पातळ पेज मिळायची, तीही मोजून. पाणी तर घोटभरच, पोट सुटतं म्हणून. पलीकडे आईची मुलगी दूध प्यायची, त्याचा गटागट आवाज ऐकू यायचा. माझ्या पोराला मी अखेर छातीशी धरलं तेव्हा त्याच्या अंगात ओढायची ताकद नव्हती आणि माझ्या छातीत त्याला देण्यासारखं काही नव्हतं. तो तोंड लावायचा, दोनदा हलवायचा आणि झोपायचा. आधी रडायचा तरी. मग तेही कमी झालं. बोळा ओठांवर ठेवला तर गूळपाणी गालावरून ओघळून जायचं.

"आये, हा पीत नाय गो."

"उठव त्याला. तळव्याला टिचकी मार."

"मारली."

"आणि?"

"डोळे उघडतो नि मिटतो."

शीड जरासं हललं. तिनं पलीकडून त्याला हात लावला असावा. पण ठमाबाय चुलीपाशीच बसली होती, आणि शीड पुन्हा स्थिर झालं.

पाचवीच्या पूजेला माझी सासू होडीनं आली. पाटीत नारळ, तांदूळ, झबलं, टोपडं, काजळाची डबी, सगळं घेऊन. हौशी बाई होती. उंबऱ्यातूनच म्हणाली, "कुठाय माझा सरदार?" तिनं पोरावरचं फडकं बाजूला केलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"हा असा का? उन्हात राहिलेल्या काकडीसारखा?"

मग ठमाबायनं हातातली राख झटकली.

"मी काय सांगू? एका आढ्याखाली दोन बाळंतिणी. शीड बांधलं, पण पोटचीच लेक, ओढ जायची थोडीच? आईनं दूध ओढलं हिचं. बघा ना, तिकडं चोळ्या भिजतायत आणि इकडं टिपूस नाय."

ते खरंच होतं. आईच्या ओल्या चोळ्या ठमाबायच वाळत घालायची.

सासूनं पाटी उचलली. "मग ह्यांना मी इथं ठेवत नाय. भरती लागली की दोघांना घेऊन निघते. आमच्या गावात ओल्या बाळंतिणी आहेत, कुणी ना कुणी पाजील."

"विहीणबाय, वारा बघा बाहेर," बा ओटीवरून म्हणाला. "भादव्यातला वारा आहे. एवढंसं पोर उघड्या होडीत..."

"तुम्ही तर बोलूच नका. तुमच्यापायीच झालंय हे सगळं!"

मी पोराला छातीशी आवळून धरलं. खाडी ओलांडायला लागणारा वेळ मला माहीत होता आणि पोराचा श्वासही माझ्या हाताला कळत होता. तो पलीकडच्या काठापर्यंत पुरायचा नव्हता.

तेव्हा शिडाआडून आई बोलली. अगदी सावकाश, बाजारात भाव विचारावा तशी.

"ठमाबाय, हिचं दूध माझ्यापाशी आलंय, असंच ना तुझं म्हणणं?"

"माझं कशाला? वाडवडलांचं म्हणणं आहे ते."

"पण नक्की आलंय?"

"नक्की."

"मग माझ्यापाशी जे आलंय, ते मुळात कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? हिचं. हिच्या पोराचं."

"विहीणबाय, ऐकलंत?"

"ऐकलं," सासू म्हणाली.

"मग ज्याचं आहे त्याला मी देते. दुसऱ्याचं ठेवून घ्यायची आमच्या घरात रीत नाय."

आणि शिडाचा वरचा दोर तुटल्याचा आवाज झाला. आख्खं शीड धुळीसकट खाली आलं. त्याच्यामागे आई उभी होती, केस सुटलेले, कमरेला फडकं बांधलेलं. किती दिवसांनी मी तिचं तोंड बघितलं! ती शीड तुडवत माझ्याकडे आली आणि तिनं पोर माझ्या हातातून घेतलं.

सासूनं डोळ्यांवर पदर ओढला. "अहो विहीणबाय, नातवाला? लाज नाय का वाटत?"

"लाज होती ती नऊ महिने पदराखाली वागवली. ती बघा, तिकडं पडून ओरडतेय."

खरोखरच तिकडे तिची मुलगी टाहो फोडत होती. आई खाली बसली. पोरानं तोंड उघडलं नाही. तिनं ते बोटानं उघडलं आणि दोन थेंब आत पिळले. मग आणखी दोन. पोराची जीभ हलली. ओठ चाटल्यासारखे झाले. आईनं पुन्हा पिळलं. पोरानं गिळलं, खोकलं, आणि मग त्यानं मान वळवली. त्याची त्यानं वळवली.

"तू काय बघत बसलीस?" आई माझ्यावर खेकसली. "उचल तुझ्या बहिणीला. लाव तिला."

"माझ्यापाशी काय आहे तिला द्यायला?"

"ते तिला विचार. खेकड्यासारखी धरते ती."

मी बहिणीला उचललं. अंगानं माझ्या पोराच्या दुप्पट. तिनं डोकं दोनदा इकडेतिकडे आपटलं आणि जी काही पकड घेतली, की मी आई गो म्हणून ओरडले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला सोडवून घ्यायचं होतं, पण आईनं तिच्या पाठीवर हात ठेवून दाबून धरलं.

"राहू दे. दुखलं तरी राहू दे. विहीर ही खणील, पाणी तुझा लेक पिईल."

भरती आली. होडीवाल्यानं काठावरून हाक मारली, एकदा, दोनदा. सासू उठली नाही. ती माझ्या पोराकडे बघत होती. तो आईच्या मांडीवर झोपला होता, आणि ह्या वेळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी लागलं होतं. होडी गेली. मग सासूनं पाटीतलं झबलं काढून उशाशी ठेवलं आणि ती ओटीवर जाऊन बावर ओरडली.

"तुम्ही बसून काय राहिलात? जा, मुशी मिळते का बघा खाडीत. पोरीला नुसत्या पेजेवर ठेवलंय ह्यांनी. दूध काय आभाळातून पडणाराय?"

"बाराव्याच्या आत मासळी?" ठमाबाय कळवळून म्हणाली.

"तू गप गो. शीडही तूच बांधलंस."

बा गेला तो जाळं घेऊनच. मुशी म्हणजे लहानगा शार्क, काट्यांऐवजी मऊ कुर्च्यांचा मासा. बाळंतिणीला दूध यायला आमच्याकडे त्याच्यासारखं दुसरं काही मानत नाहीत. दिवस मावळायच्या आत बा परत आला, पाटीत दोन मुशा आणि तोंडावर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू. सासूनं पदर खोचला आणि आमच्याच चुलीवर रस्सा शिजवला. लसूण, मिरी, हळद, आंबटाला दोन सोलं. एकाच टोपात शिजवला आणि एकाच टोपातून आम्हा दोघींना वाढला. नेम मोडायचाच तर पुरता मोडावा, असं तिचं काम होतं. वाफाळता रस्सा, तांदळाची भाकरी, आणि तांब्या भरून कोमट पाणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्या चवीचं पुढे मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही, आणि मुशी तर मी शेकड्यानं शिजवली.

त्यानंतरचे दिवस मला अजून बोटावर असल्यासारखे आठवतात. आई आणि मी एका वाकळीवर शेजारी शेजारी. बानं त्याच शिडाच्या दोन झोळ्या करून आढ्याला टांगल्या. तिची मुलगी माझ्याकडे, माझा मुलगा तिच्याकडे. सासू हळिवाची खीर करायची, मेथीचे लाडू वळायची, शेगडीत ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची आणि दिवसभर बाला काही ना काही आणायला पिटाळायची. दुपारी पोरं झोपली की आई मला गोष्टी सांगायची. पोशीआत्या पाठीवर असताना तिच्या कानात काय म्हणाली होती ती गोष्ट तर मी तीनदा सांगायला लावली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वहिनी, तिकडं नको नेऊस, इकडंच परत फीर. नवरदेवाच्या मिशा बघून घाबरली होती."

आम्ही इतक्या हसलो की टाके नसूनही पोट दुखलं. सासू म्हणाली, "हसा, हसा. हसणारीला दूध उतरतं."

एके सकाळी जाग आली तर माझी चोळी ओली होती. मला वाटलं पोरीनं भिजवली. हात लावला तर नाही.

"आये, बघ!"

आईनं बघितलं आणि माझं पोर माझ्याकडे सरकवलं. "घे. तुझं तुला." त्यानं तोंड लावलं आणि तो प्यायला. दमला, थांबला, परत प्यायला. बारशापर्यंत त्याच्या मनगटावर पहिली वळी पडली.

ठमाबायनं गावभर सांगितलं की दूध गेलं होतं ते आईला परत द्यायला लावलं, आणि उपाय तिचाच. मला राग आला. आई म्हणाली, "सांगू दे. पुढच्या वेळी ती शीड तरी बांधणार नाय."

मुलाचं नाव आम्ही धर्मा ठेवलं, आईच्या मुलीचं येसू. दोघं मावशी-भाच्यासारखी नाही, भावंडांसारखी वाढली. येसू त्याची मावशी लागायची आणि ती त्याला त्या नात्यानं हक्कानं बडवायची.

मग काळ गेला. मिठागरं बुजली, खाडीवर पूल आला, बा गेला, माझी सासू गेली. येसूची मुलगी पमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तेव्हा दवाखान्यात बाळंतपणं व्हायची. पमी घरी आली त्या दिवशी मीही गेले होते. आई म्हातारी झाली होती, येसूकडेच राहायची, दिसायचं कमी, अंथरुणावरच असायची. बाळ तिच्या शेजारी ठेवलं. तिनं त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"चीक दिला का गो ह्याला?"

"दिला, आजी," पमी म्हणाली. "तिथल्या नर्सनं लगेच पाजायला लावला."

"चोरून?"

"चोरून कशाला? सगळ्यांसमोर."

आई हसली. दात नव्हते, पण हसू तेच, गाळातून नवरी काढली तेव्हाचं. मग ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "दुरपे, मी तुमचा टाकला नव्हता."

मला कळलं नाही. "काय टाकला नव्हता?"

"चीक. तुझ्याआधीचा जो होता ना, त्याचा टाकला. तेव्हा सुईण ठमाबायची सासू, तिनं सांगितलं म्हणून सगळा पिळून टाकला. तो आधी रडायचा, मग रडायचा थांबला, आणि मग गेला. त्या वर्षी आमची शेळी व्याली होती. करडं लटपटत उठली ती सरळ तिच्या आचळाला. ती जगली. मी बसून बघत राहिले. तुझ्या वेळी ठरवलं, टाकायचा नाय. तांदळाच्या धुवणात चिमूटभर हळद घातली आणि ते ओतलं उंबऱ्याबाहेर. म्हातारी म्हणाली, बरं झालं, घाण गेली. येसूच्या वेळी ठमाबायलाही तेच दाखवलं."

हळदीचा डबा मीच तिच्या हातात दिला होता.

"आणि मला नाय सांगितलंस ते?"

"तू माझी, पोर त्यांचं. माझ्या पोरींपुरती चोरी मी केली. तुझ्या पोराला काही झालं असतं तर सासरी तुला जन्मभर ऐकावं लागलं असतं. आणि मध्ये शीड. तू सगळा टाकलास म्हणालीस, तेव्हा मी पलीकडे तोंडात पदर कोंबून बसले होते." तिनं बाळाचं दुपटं चाचपलं. "मग तो पोर रडायचा थांबला. ते थांबणं मी आधी एकदा ऐकलं होतं."

पमीचं बाळ जागं झालं. आईनं कान दिला आणि म्हणाली, "रडतोय. चांगला रडतोय. घे त्याला."

माझी आई गोमाबाई त्याच वर्षी, पमी बाळंत झाली त्या पौषात, बारशाच्या आदल्या दिवशी, ओहोटी लागताना गेली. तिला मुलगा राहिला नव्हता. अग्नी धर्मानं दिला.